निम्मी दारू, निम्मा धोका?

शीर्षक वाचून हॉस्टेलमधल्या ज्यांनी घाईघाईने हे पान उघडलं, त्यांची आधीच माफी मागते. ही ती दारू नव्हे. ही बंदुकीची दारू आहे. त्यामुळे रेक्टर मॅडम, तुम्हीही निश्चिंत राहा. दुसरी माफी माझ्या मराठीबद्दल. सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत मी अजूनही गोंधळते. म्हणून या लेखात आकडे अंकातच लिहिले आहेत.

गोष्ट दिवाळीच्या सुट्टीतली. माझं आजोळ परंडा तालुक्यात. मामांच्या मक्यात रानडुकरं शिरत होती. एका रात्रीत अर्धा एकर आडवा. घरात आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक आहे, परवान्याची. कित्येक वर्षं ती माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडली होती. मामांना डुक्कर मारायचं नव्हतं (त्याला वनखात्याची परवानगी लागते, हे त्यांना माहीत आहे), पळवायचं होतं. संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले, "तायडे, आता तू विंजिनेर व्हायलीस. एक सांग. नळी जुनी झालीय, आतून गंजलीय. पर दारू निम्मीच घातली, तर प्रेशर बी निम्मंच हुईल का न्हाई?"

मी एका सेकंदात उत्तर दिलं. "हो मामा. निम्मं काय, निम्म्याहून कमीच होईल."

आजी म्हणाली, "शिकल्याचं चीज झालं." मलाही तसंच वाटलं. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स मी पहिल्याच अटेम्प्टला काढला होता ना!

सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी एन.सी.सी.ची परेड होती. वेपन ट्रेनिंगला आमच्यासमोर 'डी.पी.' म्हणजे ड्रिल पर्पज रायफल असते. जुनी थ्री नॉट थ्री, कायमची निकामी केलेली, फक्त हाताळायला शिकण्यासाठी. ब्रेकमध्ये मी आमच्या उस्तादांना मामांचा किस्सा मोठ्या ऐटीत सांगितला. उस्ताद साताऱ्याकडचे, सव्वीस वर्षं फौजेत. ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारलेस का? कोणती दारू? किती जागेत? आणि तिच्या पुढे काय?"

मी एकही विचारला नव्हता. हा लेख म्हणजे त्या तीन प्रश्नांची उत्तरं. लायब्ररी, इंटरनेट आणि उस्ताद, तिघांकडून गोळा केलेली.

आधी दाब किती ते बघू

मेसमधल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. बाइकच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाची युरोपीय मानकातली कमाल मर्यादा ३६५ मेगापास्कल, म्हणजे ३,६५० बार आहे. तोही एक-दीड मिलिसेकंदात वर जाऊन खाली येणारा.

आता आपला सिलॅबस लावू. पुंगळीच्या आतल्या बुडाचा व्यास साधारण १० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ जवळजवळ ८० चौरस मिलिमीटर. त्याला ३६५ ने गुणा. २९,२०० न्यूटन. पुंगळी आणि नळी यांचं घर्षण सोडून दिलं तर बोल्टवर सुमारे ३ टनांचा धक्का. आणि त्या बोल्टच्या मागे काही इंचांवर नेमबाजाचा डोळा असतो.

नळीचं काय? इथे मी आधी तीच चूक केली जी आपल्यातले निम्मे जण व्हायव्हात करतात. पातळ सिलिंडरचं सूत्र वापरलं. नळीचा बाहेरचा व्यास आतल्याच्या अडीचपट धरला. आतली त्रिज्या १, जाडी दीड. ३६५ भागिले १.५ म्हणजे २४३ मेगापास्कल. साध्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ २५० च्या आसपास असते. म्हणजे बसतंय की!

नाही बसत. हा सिलिंडर पातळ नाहीच. इथे लामेचं जाड सिलिंडरचं सूत्र लागतं. बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्यांच्या वर्गांची बेरीज भागिले त्यांची वजाबाकी, गुणिले दाब. ६.२५ अधिक १ म्हणजे ७.२५, ६.२५ वजा १ म्हणजे ५.२५. भागाकार १.३८. गुणिले ३६५ म्हणजे सुमारे ५०४ मेगापास्कल. आतल्या पृष्ठभागावरचा ताण चुकीच्या सूत्रापेक्षा दुपटीहून जास्त निघाला. एकाच बंदुकीत एक सूत्र 'चालेल' म्हणतं आणि दुसरं 'फुटेल' म्हणतं. दोन्ही सूत्रं एकाच पुस्तकात आहेत, फक्त प्रकरण वेगळं. आणि ही सुद्धा नव्या, गुळगुळीत नळीची गोष्ट. आतून गंजाचे खड्डे असले तर खड्ड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

लामे १९ व्या शतकातला फ्रेंच गणिती. पण जाड भिंतीचं शहाणपण त्याच्याही आधीचं आहे आणि त्याचा पुरावा आमच्या परंड्याच्याच इतिहासात आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलुख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेण्याआधी ती परंड्याच्या किल्ल्यात होती. वजन साधारण ५५ टन. तोंडाचा बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर आणि आतलं भोक सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे बाहेरचा व्यास आतल्याच्या दुपटीहून थोडा जास्त. ओतणाऱ्या उस्तादाला लामे माहीत नव्हता. पण दारूचा धाक माहीत होता.

पहिला प्रश्न: कोणती दारू?

मामांच्या आणि माझ्याही डोक्यात 'दारू म्हणजे दारू' होती. हे चूक आहे.

जुनी काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. ती जळते तेव्हा खूप धूर, खूप काजळी आणि तुलनेने मवाळ दाब. थ्री नॉट थ्री ब्रिटिश फौजेने १८८८ मध्ये घेतली तेव्हा तिच्या काडतुसातसुद्धा आधी काळी दारूच होती, दाबून बसवलेली. मग १८९१ च्या सुमारास कॉर्डाइट आलं. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांच्या शेवयांसारख्या काड्या. धूर जवळजवळ नाही, पण उष्णता आणि दाब भरपूर. परिणाम काय झाला? काळ्या दारूसाठी बनवलेले नळीतले उथळ आटे कॉर्डाइटच्या उष्णतेने भराभर झिजायला लागले. १८९५ मध्ये खोल आट्यांची नळी आणावी लागली. ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली ती अशी. काडतूस बाहेरून तेच, पण दारू बदलली तर बंदूक बदलावी लागली. हा धडा सव्वाशे वर्षं जुना आहे.

त्यातली खरी गोम अशी. काळी दारू जळण्याचा वेग दाबावर फारसा अवलंबून नसतो. बिनधुराच्या दारूचं तसं नाही. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो, त्याने वेग आणखी वाढतो. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक ओळखू येईल. उलट दिशेनेही तेच. म्हणून दारू आणि दाब यांचा आलेख सरळ रेषा नसतो. 'निम्मं घातलं की निम्मं होईल' हे गणित तिथेच मोडतं.

दुसरा प्रश्न: किती जागेत?

अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जुन्या लष्करी रायफली हौसेने बाळगणारे लोक आहेत. शंभर वर्षांच्या नळीवर पूर्ण दाब नको म्हणून ते घरी हलक्या दाबाची काडतुसं भरतात. आपल्याकडे थ्री नॉट थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला मिळतच नाही. पण त्यांच्याकडचा अनुभव शिकण्यासारखा आहे, कारण त्यांचे नियम अपघातांतून तयार झालेत.

त्यांचा पहिला नियम: अंदाजाने काहीही भरायचं नाही. दारूच्या उत्पादकाने प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेलं कोष्टकच वापरायचं. त्या कोष्टकात 'याहून जास्त नको' ही वरची मर्यादा असते, हे आपण समजू शकतो. मला धक्का बसला तो खालच्या मर्यादेचा. काही दारूंबद्दल उत्पादक स्पष्ट बजावतात, दिलेल्या प्रमाणापेक्षा कमीही करू नका!

का? मोठ्या पुंगळीत हळू जळणारी दारू थोडीशीच भरली की ती आडव्या पुंगळीच्या तळाशी पसरून पडते आणि वर मोकळी जागा राहते. टोपीची ठिणगी त्या मोकळ्या जागेतून पुढे जाते. कधी दारू नीट पेटतच नाही, कधी उशिरा पेटते, आणि क्वचित कधी कमी दारूतही दाब अचानक भयंकर चढतो. या तिसऱ्या प्रकाराचं नेमकं कारण काय, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण त्याने बंदुका फुटल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हलकं काडतूस करायचं तर तीच दारू कमी करायची नसते. त्या कामासाठी तपासलेली वेगळी, भराभर जळणारी दारू आणि बहुतेक वेळा वेगळी, शिशाची गोळी घ्यायची असते.

मग त्यात आणखी एक खड्डा. अशी दारू इतकी थोडी लागते की पुंगळी अर्धीही भरत नाही. म्हणजे चुकून त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती सांडत नाही, दिसत नाही. 'हलक्या' काडतुसाचं दुप्पट काडतूस होतं. म्हणून ते लोक गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ओळीने उभ्या करून टॉर्च मारून एकेकीत बघतात. टेबलावर एका वेळी एकच डबा. गप्पा बंद, मोबाइल बंद. वाचताना मला आमच्या केमिस्ट्री लॅबमधला टायट्रेशनचा गोंधळ आठवला आणि घाम फुटला.

तिसरा प्रश्न: पुढे काय?

दाब फार कमी पडला तर गोळी नळीत मध्येच अडकते. आवाज 'फुस्स' असा येतो. नेमबाजाला वाटतं, फुसका बार. तो पुढचं काडतूस लावून चाप ओढतो. आता नळीत वाटेत बूच आहे. नळी तिथे फुगते किंवा फाटते. म्हणून नियम असा की आवाज वेगळा आला की थांबायचं. बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून वाट बघायची (उशिरा पेटण्याची शक्यता असते), मग रिकामी करून नळी आरपार दिसते का ते तपासायचं. आमच्या .२२ च्या फायरिंगला उस्ताद 'फायर बंद' ओरडतात आणि आम्ही कंटाळतो. आता कंटाळणार नाही.

मग आपल्याकडे हे कसं केलं?

जुन्या थ्री नॉट थ्रीवरचा दाब कमी करायची गरज आपल्या सरकारलाही पडली होती. त्यासाठी 'काडतुसात दारू निम्मी भरा' असा मार्ग निवडला गेला नाही. काय केलं बघा.

पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना इतक्या ताकदीची रायफल नको होती. इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच्या .४१० बोअरच्या बंदुका केल्या गेल्या. नळी बिनआट्याची, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा, एका वेळी एकच बार. काडतूससुद्धा वेगळं.

कॅडेटना शिकवायला .२२ ची रायफल केली. अंगकाठी तीच, नळी छोटी. तिथेही गंमत आहे. .२२ च्या काडतुसाची कमाल दाबमर्यादा १७० मेगापास्कल, म्हणजे अगदीच कमी नाही. पण क्षेत्रफळ फक्त २५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार केला तर बोल्टवर सुमारे ४,३०० न्यूटन, थ्री नॉट थ्रीच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका. दाब आणि बल यांतला फरक मला पुस्तकापेक्षा इथे जास्त कळला.

ज्या रायफलींवरून ग्रेनेड फेकायचे, त्यांच्या पुढच्या भागावर तांब्याची तार गुंडाळून त्या त्याच कामासाठी वेगळ्या काढल्या. ज्या कशालाच योग्य राहिल्या नाहीत त्या डी.पी. झाल्या, म्हणजे आमच्या हातात आल्या. आणि १९६२ च्या युद्धानंतर जेव्हा जास्त दाबाचं ७.६२ चं काडतूस घ्यायचं ठरलं, तेव्हा इशापूरने त्याच धाटणीची रायफल सुधारित पोलादात नव्याने बनवली. जुन्यांवर भरवसा टाकला नाही.

थोडक्यात, दाब कमी करायचा तर दारू, पुंगळी, गोळी, नळी हे सगळं मिळून बदलायचं आणि मोजून बघायचं. एकाच गोष्टीला हात लावून बाकीचं नशिबावर सोडायचं नाही.

मामांना फोन

उस्तादांचे प्रश्न ऐकल्यावर मी परेड ग्राउंडवरूनच फोन लावला. आजीने उचलला. "मामा रानात गेलाय. आज दिवसाची लाइट हाय, पाणी द्यायलाय." बंदूक कुठंय विचारलं. "काढलीय की खाली. सकाळी पुसून ठिवली. तूच हो म्हणालीस न्हवं?"

तूच हो म्हणालीस. हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

मामांचा मोबाइल लागेना. पुढची पंचेचाळीस मिनिटं मी ग्राउंडच्या कठड्यावर बसून होते. मैत्रिणी मेसमध्ये संडे स्पेशल खायला गेल्या. शेवटी मामांचाच फोन आला. मी एकेक प्रश्न विचारला.

कोणती दारू? "दिवाळीच्या राहिलेल्या सुतळी बॉम्बातली. वाटीत काढून ठिवलीय." ती काळी दारू नव्हेच, मामा! त्यात धातूची भुकटी असते, ती नळीतून गोळी ढकलायला नाही, फुटायलाच बनवलेली असते. तिची निम्मी काय आणि चिमूट काय.

किती जागेत? इथे मला सगळ्यात जास्त धडकी भरली. आजोबांनी ठासणीच्या गजावर एक खूण कोरून ठेवली आहे. पूर्ण दारू, वर गोळी, नीट ठासली की गज त्या खुणेपर्यंत आत जातो. मामा म्हणाले, "त्या खुणंपत्तुर ठासायचं, आबा शिकवून गेलेत." पण दारू निम्मी असेल आणि गज जुन्या खुणेवर थांबवला, तर दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहणार. दारूला न टेकलेली गोळी म्हणजे नळीतलं बूच. ठासणीच्या बंदुकीत गोळी दारूला टेकलेलीच हवी, हा सगळ्यात जुना नियम. आबांची खूण बरोबर होती. माझ्या उत्तराने ती चुकीची झाली असती.

पुढे काय, हे विचारायची वेळच आली नाही. बंदूक अजून भरलेली नव्हती. मामांनी ती वाटी उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे लांब नेऊन बादलीभर पाण्यात बुडवली. विडी न पेटवता, हे मी तीनदा सांगितलं.

नंतर मामा रीतसर परवान्याचे कागद घेऊन ती बंदूक बंदुकीच्या कारागिराकडे घेऊन गेले. त्याने नळीत दिवा सोडून दाखवला. टोपी बसते तिथल्या आट्यांजवळ केसाएवढी चीर होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, "ही आता भिंतीवर शोभेल." परवान्यासंबंधी जे काही करायचं ते पोलीस ठाण्यात विचारूनच करायचं, असं मामांनी ठरवलंय. मक्याभोवती या हंगामात सौरकुंपण आलं. डुकरं आता शेजारच्या वावरात जातात, त्यावरून वेगळी भांडणं सुरू आहेत.

मामा मात्र माझ्यावर रागावले नाहीत. फोन ठेवताना म्हणाले, "तायडे, चुकलीस ते बरं झालं. पर फोन केलास ते लई बरं झालं."

मित्र-मैत्रिणींनो, आपण इंजिनिअर होणार म्हणून घरचे, गावचे लोक आपल्याला काहीही विचारतात. मोटार जळाली, भिंतीला तडा गेला, बोअरला पाणी लागेल का. आणि आपण डिग्री हातात यायच्या आधीच 'हो, चालेल' म्हणतो, कारण 'बघून सांगते' म्हणायला लाज वाटते. व्हायव्हात चुकलं तर दोन मार्क जातात. ओट्यावर चुकलं तर काय जातं, ते मला त्या पंचेचाळीस मिनिटांत कळलं.

आता कुणी काही विचारलं की मी आधी तीन प्रश्न विचारते. कोणतं? किती जागेत? पुढे काय? आणि तिन्हींची उत्तरं नसतील तर सरळ सांगते, "थांबा, विचारून सांगते." आजी म्हणते, पोरगी शिकून हळू झाली. असू दे.